पंधरावं माणूस

पट्टामावशी हे नाव तिला गाड्या धुणाऱ्यांनी ठेवलं होतं, पाठीमागून हसायला म्हणून. ते तिच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं. नाव ऐकूनच माणूस सीटचा पट्टा लावेल." त्या दिवसापासून ते नाव राजरोस झालं. मालकसुद्धा तेच म्हणू लागले.

आमचं यार्ड विमानतळाच्या रस्त्याला होतं. बाहेरगावाहून, बाहेरदेशांतून माणसं यायची आणि आठदहा दिवसांसाठी व्हॅन भाड्याने घेऊन स्वतः चालवत डोंगराकडे, समुद्राकडे जायची. बारा गाड्या, पत्र्याचं ऑफिस, आणि ऑफिसला एक काचेची खिडकी. त्या खिडकीत मी बसायचे. लायसन बघायचं, कागद लावायचे आणि चावी मावशीच्या हातात द्यायची. पुढचं सगळं तिचं.

पंचावन्नची होती, अंगाने काटकी, पण आवाज असा की ट्रकच्या हॉर्नने लाजावं. एका खिशात टायरची हवा मोजायचं मीटर आणि दुसऱ्यात बॅटरी. गाडी ताब्यात द्यायला ती चाळीस मिनिटं घ्यायची. आधी प्रत्येक पट्टा खटकन लावून बघायचा, मोठ्याने आकडा म्हणत. मग माणसं बसवायची. वजनदार मंडळी पुढे, बॅगा खाली पायाशी, टपावर काही म्हणजे काही नाही. मग यार्डात पांढरे रंगवलेले चार जुने टायर मांडले होते, त्यांच्याभोवती तीन फेऱ्या मारायला लावायची. पहिली रिकाम्या गाडीने, दुसरी भरल्या गाडीने, तिसरी उलटी, फक्त आरशात बघून.

"ही तुमच्या घरची मोटार नाही," ती सांगायची. "ही चालती खोली आहे. रिकामी असते तेव्हा गरीब गाय. भरली की तिचं डोकं जड होतं. वळणावर घाई केलीत तर ती तुमचं ऐकणार नाही, आडवी होईल. ब्रेक मारल्यावर मोटार जिथे थांबते त्याच्या बरंच पुढे ही थांबते. आणि चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. तुमच्याकडे रस्त्याची बाजू उलटी असेल तर मनाला दर वळणावर पुन्हा सांगायचं, मी इथे पाहुणा आहे."

कुणी म्हणालं, "मी वीस वर्षं गाडी चालवतोय," की ती मान डोलवायची. "आपल्या गावात. चला, परत एक फेरी."

ती अशी का होती, ते मला दोन वर्षांनी कळलं. आम्ही जेवायला बसलो होतो. मी सहज विचारलं, "मावशी, तुम्ही इतकं कशाला लावून धरता?" तिने डबा बंद केला आणि एखाद्याने दुसऱ्याच कुणाची हकिगत सांगावी तशी सांगितली.

सव्विसाव्या वर्षी ती एका कापडाच्या कारखान्याची व्हॅन चालवायची. कामगारांना ने-आण करायची. गाडी दहा माणसांची. एके दुपारी तिच्या धाकट्या बहिणीलाही त्याच बाजूला जायचं होतं. बहीण एकोणीस वर्षांची. "एकच तर माणूस जास्त, तेही बारीक," असं कुणीतरी म्हणालं. "कुणीतरी म्हणजे मीच," मावशी म्हणाली. बहीण दोन सीटांच्या मधल्या गठ्ठ्यावर बसली. टपावर कापडाचे तागे होते. मागचा एक टायर सकाळीच मऊ दिसला होता, संध्याकाळी हवा भरू म्हणून राहून गेलं होतं. उतारावरच्या वळणाला गाडी कलंडली. "इतकी सावकाश पडली, की मला शेवटपर्यंत वाटत होतं मी सावरतेय." दहाही जण खरचटून सुटले. बहीण खिडकीतून बाहेर फेकली गेली. जीव वाचला, उजवा पाय कामातून गेला. तेव्हापासून कुबडी.

"पोलिसांनी लिहिलं, वळणाचा दोष," मावशी म्हणाली. "वळण बिचारं तोंड उघडत नाही."

"मग तुम्ही गाडी सोडली नाहीत?"

"सगळे म्हणाले सोड. सोडली असती तर जन्मभर लोक म्हणाले असते, बिचारी. मला बिचारी व्हायचं नव्हतं. मला नीट चालवायला शिकायचं होतं."

त्यानंतर सतरा वर्षं तिने शाळेची बस चालवली. गुडघे बोलायला लागले तेव्हा आमच्या यार्डात आली. दोघी बहिणी दोन खोल्यांत एकत्र राहायच्या. धाकटी घरी गाड्यांची सीटकव्हरं शिवायची आणि तिची जीभ तिच्या सुईपेक्षा टोकदार होती. "पाय माझा गेला," ती म्हणायची, "आणि लंगडते ही."

थोरल्या मालकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि ते घरी बसले. त्यांच्या जागी त्यांचे जावई आले. सगळे त्यांना जावईबापू म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत होता. पहिल्याच आठवड्यात त्यांनी चार पानी नियमावली छापून आणली. गिऱ्हाइकाने शेवटच्या पानावर सही करायची, चावी घ्यायची, दहा मिनिटांत गाडी बाहेर. भिंतीवर त्यासाठी घड्याळही लावलं.

"सही झाली की जबाबदारी त्यांची," ते म्हणाले.

"सही काय ब्रेक मारते?" मावशीने विचारलं.

जावईबापूंनी पांढरे टायर उचलून भंगारात टाकायला लावले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागी चार बादल्या होत्या. बादल्या गेल्या तर तिसऱ्या दिवशी गाड्या धुणारेच चार कोपऱ्यांवर उभे राहिले, हातात फडकी घेऊन. असं दीड महिना चाललं. गिऱ्हाइकं तीन फेऱ्या मारत होती आणि घड्याळ आपलं भिंतीवर चालत होतं.

मग एका सकाळी, अकराच्या सुमाराला, ते मोठं कुटुंब आलं.

अकरा तासांचा विमानप्रवास करून थेट आमच्या दारात. सगळे आनंदात. पुढे घरातला थोरला मुलगा, दणकट, डोक्यावर टोपी, डोळे लाल. तोच चालवणार होता. त्याची आई ऐंशीच्या घरातली, तिच्यासाठीच हा सगळा प्रवास होता. थोरल्या मालकांच्या कुणा मित्राच्या ओळखीने आले होते, त्यामुळे जावईबापू स्वतः बाहेर येऊन हात मिळवत होते. बॅगा टपावर चढायलाही लागल्या होत्या.

मावशीने पट्टे मोजले. चौदा. माणसं मोजली. पंधरा. पुन्हा मोजली.

"एक माणूस जास्त आहे," ती म्हणाली.

"ती माझी भाची," टोपीवाला हसला. "आयत्या वेळी आली. बसेल ती कुठेही."

"कुठेही म्हणजे कुठे? मला जागा दाखवा."

"बॅगेवर बसेल हो मधे. दोन तासांचा तर रस्ता."

"आणि तुम्ही किती तास झोपलात?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"घरी पंख्याखाली बसणार असतात तर नसता," मावशी म्हणाली. "हे बघा. समोरच्या गल्लीत स्वच्छ लॉज आहे. चार तास झोपा. तोवर मी तुमच्यासाठी एक लहान गाडीही तयार ठेवते, कुणीतरी दुसरा चालवेल. बॅगा तिच्यात जातील. दिवस मावळायच्या आत पोचाल."

वाक्य संपतंय तोच म्हातारी म्हणाली, "बाई बरोबर बोलतेय रे. मलाही पाठ टेकायचीय."

"आई, तू यात पडू नकोस," मुलगा म्हणाला आणि जावईबापूंकडे वळला. "तुमच्याकडे गाड्या भाड्याने देतात की सल्ले?"

जावईबापूंचा चेहरा लाल झाला. "मावशी, चावी द्या त्यांना."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. याला दुसरा शब्द मला येत नाही."

पाण्याचा पाइप कुणीतरी बंद केला. जावईबापू माझ्या खिडकीशी आले आणि म्हणाले, "जादा चावी काढा." प्रत्येक गाडीची जादा चावी माझ्या ड्रॉवरमध्ये असायची. मी ड्रॉवर उघडला आणि काढून दिली. लपवण्यात अर्थ नाही, दिली. हात क्षणभरही अडला नाही. मावशीने ते पाहिलं. सरळ गाडीपाशी गेली, चालकाच्या जागेवर चढली, दार लावून घेतलं आणि पट्टा बांधला.

"आता चालवा," ती खिडकीतून म्हणाली.

पाऊण तास ती तिथे बसून होती. जावईबापूंनी समजावलं, मग धमकावलं, मग दार ओढून बघितलं. टोपीवाला ओरडत होता. गाड्या धुणारे गुपचूप टपावरच्या बॅगा खाली उतरवत होते. शेवटी टोपीवाल्याने रस्त्यापलीकडच्या यार्डात फोन लावला. तिथल्या शेठने दहा मिनिटांत गाडी दारात आणून उभी केली. आमच्या डोळ्यांदेखत पंधराही जण चढले. भाची मधे बॅगेवर बसली. उरलेल्या बॅगा टपावर गेल्या.

मावशी आमच्या गाडीतून उतरून फाटकापर्यंत धावली. गुडघ्यांची पर्वा न करता धावली. "चौकात उजवीकडे बघा!" ती ओरडली. "उजवीकडे!"

त्याने मान वळवली नाही. गाडी आधी चुकीच्या बाजूला शिरली, समोरून ट्रक बोंबलला, तशी ती झोल खात बाजूला आली आणि निघून गेली.

दुपारी जावईबापूंनी तिच्यापुढे टाइप केलेला माफीनामा ठेवला. सही कर, नाहीतर घरी जा. तिने तो शेवटपर्यंत वाचला, उलटा केला आणि माझ्याकडून पेन घेऊन पाठीमागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं: गाडी चौदांची होती. माणसं पंधरा होती. चालवणारा झोपेत होता. मी चावी दिली नाही. पुन्हा वेळ आली तरी देणार नाही. खाली ठसठशीत सही केली. डबा घेतला, मीटर खिशात आहे ना ते चाचपलं, आणि बारा वर्षांची नोकरी सोडून फाटकाबाहेर पडली.

आता खरं तर इथे काहीतरी भयंकर घडलं असं सांगायला हवं. पण तसं काही झालं नाही. आठ दिवसांनी ती मंडळी समोरच्या यार्डात गाडी परत द्यायला आली. पंधराही जण, उन्हाने रापलेले, हसत. मी खिडकीतून मोजले. जावईबापू मुद्दाम माझ्यापाशी आले. "बघितलंत? काय झालं? काहीसुद्धा नाही."

त्याच संध्याकाळी मी मावशीकडे गेले. थोडी बातमी सांगायला आणि थोडं माझ्या मनातलं बोलायला. दार धाकटीने उघडलं. "ये बाई, ये," ती म्हणाली. "हिला घेऊन जा कुठेतरी. आठ दिवस घरात बसून माझ्या शिलाई मशीनवर पाळत ठेवतेय. काल मला म्हणते, उठण्याआधी मागे बघ."

मी मावशीला सांगितलं, ते लोक आले.

ती झटकन खाली बसली. "सगळे? पंधराही? म्हातारीसुद्धा?"

"सगळे. म्हातारीच्या हातात शिंपल्यांची पिशवी होती."

तिने डोळे पुसले. लपवून वगैरे नाही, दोन्ही तळहातांनी. "बरं झालं गं. रोज सकाळी पेपर उघडायला हात होत नव्हता." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हणजे आता तुला वाटतंय, मावशी उगीच आडवी आली."

मला थोडंसं वाटत होतं.

"अगं, डोळे मिटून रस्ता ओलांडला आणि माणूस पलीकडे पोचला, म्हणून काय डोळे मिटूनच ओलांडायचा असतो? मीसुद्धा त्या दुपारच्या आधी पन्नास वेळा अकरा माणसं नेली होती. पन्नासही वेळा काही झालं नाही. तेच तर मला नडलं."

धाकटीने मशीन थांबवलं होतं. तिने कुबडी ओढून घेतली, उठली आणि चहा टाकायला गेली.

"मावशी, ती जादा चावी मी—"

"माहितेय. बघितलं मी."

"माझं चुकलं."

"चुकलंच. पुढच्या खेपेला ड्रॉवर उघडताना हात थोडा जड होऊ दे, म्हणजे झालं." आणि लगेच, जणू तो विषय संपलाच, "उद्या मी समोरच्या यार्डात जाणार आहे."

"भांडायला?"

"नोकरी मागायला."

तिथे काय झालं ते मला समोरच्या शेठनीच पुढे सांगितलं, कपाळाला हात लावून. गुबगुबीत, घामट माणूस. ती सरळ त्यांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली.

"तुम्हाला तिथून काढलं ना?" शेठ म्हणाले.

"हो, तुमच्या कृपेने. मी न दिलेली गाडी तुम्ही दहा मिनिटांत दिलीत."

"मग इथे कशाला आलात?"

"तिथल्या गाड्या बऱ्या आहेत. बारा वर्षं माझा हात फिरलाय त्यांच्यावर. तुमच्या गाड्या मी कुंपणाबाहेरून बघते, टायर गुळगुळीत, आरसे दोरीने बांधलेले. माझी गरज इथे जास्त आहे."

शेठ आधी हसत सुटले. मग हसू ओसरलं. "खरं सांगू?" ते म्हणाले. "ते लोक आठ दिवस बाहेर होते ना, माझा फोन वाजला की मी बायकोला उचलायला लावायचो. बायकोने विचारलं, कुणाचं काही केलंत का? पण बाई, तुम्ही माझी गिऱ्हाइकं हाकलून द्याल."

"काही देईन. जी राहतील ती गाडी उभी परत आणतील."

एक महिना बघू, असं ठरलं.

पहिल्याच दिवशी तिने नऊपैकी पाच गाड्यांच्या दारावर खडूने लिहिलं: आज जाणार नाही. शेठनी ओल्या फडक्याने पुसलं. तिने परत लिहिलं. दोघांची जुंपली, ती मला रस्त्यापलीकडून काचेआडून दिसत होती. ऐकू मात्र फक्त मावशी येत होती. टायर बदलले, आरसे बसले. पण तीन गाड्यांत शेठनी मधल्या जागेत एकेक लोखंडी बाक ठोकून घेतला होता, दोन माणसं जास्त बसावीत म्हणून. त्याला पट्टा नव्हता. ते बाक काढायला शेठ काही केल्या तयार होईनात. "सगळं ऐकलं तुमचं, हे नाही," ते म्हणाले. मावशीने त्या तीन गाड्यांच्या चाव्या कुणालाच दिल्या नाहीत. त्या गाड्या धूळ खात उभ्या राहिल्या.

काही गिऱ्हाइकं कंटाळून रस्ता ओलांडून आमच्याकडे आली, दहा मिनिटांत गाडी घेऊन गेली. जावईबापू खूश. काही उलट दिशेनेही गेली. एकदा एक बाई तीन मुलांना घेऊन माझ्या खिडकीशी उभी होती. समोर कुणीतरी टायरांभोवती उलट्या फेऱ्या मारत होता. "ते काय चाललंय?" तिने विचारलं. मी सांगितलं. तिने सही करायचं थांबवलं, कागद माझ्याकडे परत सरकवला आणि मुलांचे हात धरून तिकडे गेली. जावईबापूंनी माझ्याकडे रागाने बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. एवढंच. मी अजूनही त्याच खिडकीत बसते, सगळ्यांना एकदम धाडस येत नाही. पण त्या दिवशी मी नजर खाली घातली नाही.

महिना उलटून गेला. शेठ काही बोलले नाहीत आणि तिनेही विचारलं नाही. नंतर एका दुपारी, मी जेवणाच्या सुट्टीत तिकडे गेले, तर शेठ बाह्या सरसावून एका व्हॅनच्या पायरीवर उभे, आत मिस्त्री वाकलेला, आणि लोखंडी बाक जमिनीवर पडलेला. मावशी बाजूला हाताची घडी घालून उभी.

"झालं समाधान?" शेठनी घाम पुसत विचारलं.

"एका गाडीतला निघाला," मावशी म्हणाली. "दोन राहिलेत."

"अहो, एकदम तीन कुठे? सीझन तोंडावर आलाय, जरा माणसाचं ऐका!"

"ऐकलं ना. महिनाभर ऐकतेय."

तिने जमिनीवरचा पाना उचलला, रुमालाने पुसला आणि दुसऱ्या गाडीचं दार सरकवून आत चढली. शेठ त्या उघड्या दारापाशी आले. आतून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येत होता. मग ते मिस्त्रीला म्हणाले, "जा बाबा, हात लाव. गंजलेले नट आहेत, एकटीला निघायचे नाहीत."

मिस्त्री पायरीवर पाय ठेवतोय तोच आतून तिचा आवाज आला, "एक निघाला!"